करवंटी कोणत्या डब्यात?

मागच्या संकष्टीला मोदकांसाठी नारळ खवला आणि करवंटी हातात धरून ओट्याशी उभी राहिले. हिरवा डबा की निळा? वय बासष्ट, दोन पदव्या, सोसायटीची सचिव, आणि एका करवंटीपुढे मती गुंग. शेवटी वॉर्ड ऑफिसला फोन लावला. तिकडच्या गृहस्थांनी ठणकावून सांगितलं, "ओला. झाडावरून येतं ना ते." नदीपलीकडच्या शहरात माझी लेक राहते, वीस मिनिटांचा रस्ता. तिच्याकडे करवंटी सुक्यात जाते. ओल्यात दिसली तर गाडीवाला डबा तसाच खाली ठेवून निघून जातो. आमच्या सोसायटीचा खतप्रकल्प बघणारा मुलगा म्हणाला, "काकू, कुठंही टाका, फक्त मशिनमध्ये नको. पातं तुटतं."

आजोळी हा प्रश्नच नव्हता. तिथं करवंटी बंबात जायची.

शहराचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. नाव घेतलं की बाकीच्या शहरांतले वाचक "आमच्याकडे असं नाही हो" म्हणत पान उलटतात. तुमच्याकडेही असंच आहे. खात्री नसेल तर उद्या सकाळी तेलकट पिझ्झाचं खोकं घेऊन घंटागाडीपाशी उभे राहा आणि विचारा. मग दुधाची पिशवी धुऊन द्यायची की तशीच, ते विचारा. मग टेट्रापॅक, थर्माकोल, कोंबडीची हाडं, विंचरलेले केस, फाटकी चप्पल, जुन्या उशीतला कापूस. एवढं सगळं विचारून होईपर्यंत गाडी पुढच्या चौकात गेलेली असेल, आणि मागून येणारा शेजारी सगळं एकाच पिशवीत घालून गाडीत भिरकावून मोकळा झालेला असेल. त्या शेजाऱ्याला आपण बेशिस्त म्हणतो. मीही म्हणत असे. आता तो मला व्यवहारी वाटतो.

या बाबतीत सरकारनं काय केलं ते एकदा मुळापासून पाहा. सन २००० मध्ये केंद्रानं शहरी घनकचऱ्याचे नियम केले. त्यात कुजणाऱ्या कचऱ्याच्या पेटीला हिरवा रंग, पुनर्वापराच्या मालाला पांढरा आणि उरल्यासुरल्याला काळा. २०१६ साली नवे नियम आले, हे रंग तसेच राहिले. पुढच्याच वर्षी जागतिक पर्यावरण दिनाला देशभर मोहीम निघाली: ओल्याला हिरवा, सुक्याला निळा. पांढरा कुठं गेला? कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. आमच्या सोसायटीनं डबे घेतले तेव्हा दुकानात निळे संपले होते, म्हणून सुक्याला लाल आले. बी विंगमधली एक मुलगी इस्पितळात नर्स आहे. ती अजून त्या लाल डब्याकडे बघून थबकते, कारण तिच्या लेखी लाल म्हणजे सलाइनच्या नळ्या आणि सुई काढलेल्या सिरिंजा.

आणि इथंच माझं डोकं फिरतं. त्याच २०१६ साली, त्याच पर्यावरण मंत्रालयानं, २८ मार्चला जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम काढले आणि ८ एप्रिलला घनकचऱ्याचे. मध्ये फक्त अकरा दिवस. इस्पितळाच्या नियमांत चार रंग: पिवळा, लाल, पांढरा, निळा. कोणत्या रंगात काय, त्याची यादी वस्तूंच्या नावानिशी. रक्तानं भरलेला कापूस पिवळ्यात, नळ्या लाल पिशवीत, सुया-पाती पांढऱ्या भोक न पडणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात हेच आणि मुंबईच्या पंचतारांकित इस्पितळातही हेच. नर्सची बदली झाली तर रंग बदलत नाहीत. म्हणजे या मंत्रालयाला हे जमतं. फक्त तुमच्या-माझ्या घराची पाळी आली की त्याचा हात आखडतो. घनकचऱ्याच्या नियमांत लिहिलं, प्रत्येक स्थानिक संस्थेनं वर्षभरात आपापले उपविधी करावेत. महाराष्ट्रात महानगरपालिका २९, नगरपरिषदा आणि नगरपंचायती पावणेचारशेच्या वर, ग्रामपंचायती तर हजारोंनी. इतक्या जणांनी आपापली वही उघडली. कुणी भरली, कुणी शेजाऱ्याची उतरवली, कुणी कोरीच ठेवली. दंडाची रक्कम मात्र बहुतेकांनी आधी लिहिली.

नियमांची भाषा हा आणखी एक छळ. आमच्या जिन्यात पालिकेचा कागद लावलेला आहे. त्यात "जैवविघटनशील", "अजैवविघटनशील" आणि "घरगुती घातक" असे तीन रकाने आहेत. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या बाईंनी तो कागद एकदा माझ्याकडून वाचून घेतला. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे खरकटं कुठं?" बस. त्या तीन शब्दांत सगळं आलं. खरकटं, साली, भाजीची देठं, चहाचा चोथा, रद्दी, पुठ्ठा, पत्र्याचे डबे, बाटल्या, चिंध्या, केरात निघालेली धूळ: एवढे घरगुती शब्द भाषेत तयार पडलेले असताना कुणाच्या तरी हाताला "अजैवविघटनशील" लिहायची खाज सुटते. "ओला" आणि "सुका" हे शब्द त्यातल्या त्यात बरे; पण ओलं झालेलं वर्तमानपत्र ओला कचरा होतं का आणि वाळलेली पोळी सुका होते का, हे विचारणारा माणूस मूर्ख नसतो. तो दिलेल्या शब्दाचा सरळ अर्थ घेत असतो.

शब्द वस्तूचा असला की माणसं चुकत नाहीत. निर्माल्य बघा. तळ्याकाठी कलश ठेवला, त्यावर "निर्माल्य" लिहिलं, आणि झालं. विसर्जनाच्या गर्दीत, ढोलताशाच्या दणक्यात, सहा वर्षांचं पोरगंसुद्धा हाराची पिशवी बरोबर त्या कलशात टाकतं. प्लास्टिकची पिशवी तेवढी कधी कधी हारासकट आत जाते, ती गोष्ट वेगळी. रद्दीचंही तसंच. महाराष्ट्रात कुणाच्या घरी वर्तमानपत्रं कचऱ्याच्या डब्यात पडलेली मी पाहिलेली नाहीत. ती बाल्कनीच्या कोपऱ्यात थप्पी लावून बसतात, भंगारवाल्याची वाट बघत. लोकांना शिस्त नाही म्हणणाऱ्यांनी ही थप्पी एकदा बघावी. तिला ना पोस्टर लागलं, ना ब्रँड ॲम्बेसडर.

या राज्यात कचऱ्याचे नियम एकसारखे कुणाचे असतील तर ते भंगारवाल्याचे. त्याच्या दुकानाबाहेर खडूनं भाव लिहिलेले असतात आणि तोच त्याचा उपविधी. पुठ्ठा वेगळा, रद्दी वेगळी, लोखंड-पत्रा वेगळा, तांबं-पितळ आतल्या बाजूला. पाण्याची पारदर्शक बाटली, तिला सगळे "बिसलरी" म्हणतात मग कंपनी कोणतीही असो, ती वेगळी. दर खाली-वर होतात, पण पुठ्ठ्याचा पुठ्ठाच राहतो. गाव बदललं तरी. चिप्सचं चकचकीत पाकीट तो हातात घेत नाही, कारण त्यात प्लास्टिक आणि धातूचा पापुद्रा एकमेकांना असे चिकटलेले असतात की सुटे करणं परवडत नाही. हे मला त्यानं एका वाक्यात समजावलं. पालिकेच्या माहितीपत्रकात मात्र त्या पाकिटाचं चित्र "पुनर्वापरयोग्य सुका कचरा" या मथळ्याखाली हसत होतं.

तीच गत प्लास्टिकच्या बुडाशी असलेल्या त्रिकोणाची. तीन बाण आणि मध्ये १ ते ७ पैकी एक आकडा. बहुतेकांना वाटतं बाण फिरताहेत म्हणजे वस्तू फिरून वापरात येणार. तो आकडा १९८८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेनं आणला, तो प्लास्टिक कोणत्या जातीचं हे सांगायला. ते कुणी घेईल की नाही, हे तो सांगतच नाही. १ म्हणजे बाटलीचं पेट, ५ म्हणजे डब्याचं पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे "बाकी सगळं", ज्याला आमच्या भंगारवाल्याचा नमस्कार. मी स्वतः कित्येक वर्षं ७ आकड्याचे डबे विसळून, वाळवून, पुण्य लागल्याच्या थाटात देत होते.

आता वेष्टनावर काही छापता येत नाही असं कुणी मला सांगू नये. शाकाहारी खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तो एकच आहे. प्रत्येक पालिकेनं आपापला ठिपका ठरवावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. बिस्किटाच्या पुड्यात अंडं आहे की नाही हे आजीबाईलासुद्धा चष्म्याशिवाय कळावं, याची एवढी काळजी वाहणाऱ्या देशात पुडा रिकामा झाल्यावर तो कुठं टाकायचा याचा ठिपका नाही. छापणं कंपनीच्या हातात, पत्रकं वाटणं पालिकेच्या, ओळखणं माझ्या, आणि शेवटी हात घालणं एका बाईच्या.

त्या बाईबद्दल बोलायचं आहे.

आमच्याकडे दारोदार कचरा घ्यायला ज्या येतात त्यांना मी मावशी म्हणते. वयानं त्या माझ्याहून लहान असतील. त्या ढकलगाडी लिफ्टशेजारी उभी करतात, मोठं पोतं पसरतात आणि खाली बसून सुका कचरा निवडतात. दोन वर्षांपूर्वी मी पायरीवर बसून एकदा ते सगळं पाहिलं. हाताला पालिकेनं दिलेला एक मोजा, दुसरा फाटलेला. बाटल्या एका बाजूला, दुधाच्या पिशव्या दुसऱ्या, पुठ्ठा पायाखाली दाबून चपटा. हात इतक्या चपळाईनं चालतात की डोळा मागे पडतो. आणि मग हात एकदम थांबतो. वर्तमानपत्रातसुद्धा न गुंडाळलेलं, उघडं, वापरलेलं पॅड. त्यांनी ते दोन बोटांत धरून बाजूला ठेवलं, बोटं पोत्याला पुसली आणि मला म्हणाल्या, "ताई, शिकलेली लोकं ना ही?"

आता ऐका, कायदा काय सांगत होता. २०१६ च्या नियमांनुसार डायपर आणि पॅड कंपनीनं दिलेल्या पाकिटात नीट गुंडाळायचे, आणि ते टाकायचे सुक्या कचऱ्याच्या डब्यात. सुक्या. म्हणजे बरोबर त्याच डब्यात, ज्यात हात घालून ही बाई पोटासाठी बाटल्या वेचते. ज्यांनी हे वाक्य लिहिलं त्यांनी कधी कुणाला कचरा निवडताना पाहिलेलं नाही, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. कंपन्यांनी पाकीट द्यायचं होतं. किती घरांत ती पाकिटं पोचली ते ज्यानं त्यानं आठवून बघावं. पुण्यात कचरावेचकांच्या "स्वच्छ" संस्थेनं यावर साधा उपाय काढला: कागदात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा. लाल दिसलं की हात तिकडे जाणार नाही. एका स्केचपेनचा खर्च. हा उपाय मंत्रालयाला सुचला नाही, ज्यांचे हात त्यात जातात त्यांना सुचला. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, बाबा आढावांसारखी माणसं पाठीशी होती. तिच्या नावातच बघा किती नेटकं वर्गीकरण आहे: कागद, काच, पत्रा. आपल्या पालिकांच्या सगळ्या पत्रकांपेक्षा हे तीन शब्द मला जास्त शिकवून गेले.

लाल ठिपक्याची कल्पना मी आमच्या सोसायटीच्या सभेत मांडली. एक निवृत्त बँक मॅनेजर लाजून लाल झाले आणि म्हणाले, "हा विषय बायकांनी आपसात ठरवावा." डायपर त्यांच्या नातवाचे होते.

वर मी शेजाऱ्याला व्यवहारी म्हटलं, त्याला आणखी एक कारण आहे. नीट वेगळं केलेलं पुढे जातं कुठं? आमच्याकडे सकाळी ओला-सुका वेगळा घेतात आणि कोपऱ्यावरच्या मोठ्या गाडीत दोन्ही एकत्र ओततात. मी स्वतः, दुधाची पिशवी हातात घेऊन, तिथं उभी राहून पाहिलं आहे. ड्रायव्हरला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, गाडी एकच दिलीय." अनेक ठिकाणी ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात, मग त्याला वेगळं, हलकं, कोरडं कशाला हवं? ओलं-चिंब एकत्र जितकं जड, तितकं बिल भरीव. हा हिशोब समजायला अर्थशास्त्र लागत नाही. आणि या ओझ्याचं पुढं काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो. २०१६ च्या जानेवारीच्या शेवटी तिथं आग लागली तेव्हा आजूबाजूच्या वस्त्यांनी तो धूर दिवसेंदिवस छातीत घेतला. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या गाड्या किती वेळा अडवल्या, मोजदाद नाही. शहरात कुणाच्या दारात करवंटी चुकीच्या डब्यात पडली म्हणून दंडाची पावती फाडायची, आणि तीच करवंटी दुसऱ्याच्या गावात सगळ्या घाणीबरोबर सडायला पाठवायची. त्या पावतीवर कसली सही असते हे मला बघायचं आहे.

माझ्या स्वयंपाकघरात लोणच्याची एक बरणी आहे. तिच्यात वापरलेले सेल, दोन थर्मामीटर, मुदत संपलेल्या गोळ्या आणि एक गेलेला सीएफएल बल्ब आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा घरगुती घातक कचऱ्यासाठी दर वीस चौरस किलोमीटरला एक जमा केंद्र हवं होतं. मी केंद्र विचारत दोन ऑफिसं फिरले. एका ठिकाणी म्हणाले, "मोबाइलच्या दुकानात द्या." मोबाइलवाला म्हणाला, "काकू, मोबाइल आहे का त्यात?" बरणी तीन घरं बदलून अजून माझ्याचकडे आहे. लग्नात मिळालेल्या काही वस्तूंपेक्षा जास्त टिकली.

लोक म्हणतात, गावागावाची सोय वेगळी असते, सगळीकडे एकच नियम कसा चालेल? मुद्दा अगदीच खोटा नाही. वेंगुर्ल्यात रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचऱ्याचे कितीतरी प्रकार वेगळे होऊ लागले आणि डम्पिंग ग्राउंडची बाग झाली. पणजीत वसाहतींमध्ये सोळा प्रकारांच्या पेट्या आहेत. छान आहे. पण हे पुढचे प्रकार पालिकेनं आपल्या यंत्राप्रमाणे, आपल्या बाजाराप्रमाणे करावेत. माझ्या दारातली यादी मात्र सावंतवाडीला आणि नांदेडला एकच असावी. ती असावी शंभर वस्तूंची, मराठीत, वस्तूच्या नावानं आणि चित्रानं, आणि शेजारी एकच रंग. करवंटी, पिझ्झाचं खोकं, चप्पल, पॅड, सेल. बदली होऊन आलेल्या शिक्षकाला, उन्हाळ्यात माहेरी आलेल्या लेकीला, चार घरांची धुणंभांडी करणाऱ्या बाईला ती पुन्हा शिकावी लागू नये. एवढं मागणं फार वाटत असेल तर इस्पितळाच्या चार रंगांकडे पुन्हा एकदा बघावं.

माझा भाचा इंग्लंडात राहतो. त्याच्याकडेही कौन्सिल बदललं की डबे बदलायचे. घर हलवलं की दही खाल्लेली डबी हातात धरून तोही उभा राहायचा. तिथल्या सरकारनं शेवटी कायदाच केला की सगळ्या कौन्सिलांनी ठरलेल्या वस्तू घ्यायच्याच, आणि घरांसाठी तारीख ठरवली ३१ मार्च २०२६. आपल्याकडे नवे घनकचरा नियम लागू झाले बरोबर दुसऱ्या दिवशी, १ एप्रिलला. आता डबे चार: ओला, सुका, सॅनिटरी, आणि विशेष काळजीचा. पॅड सुक्यातून बाहेर पडलं याचा मला मनापासून आनंद आहे. त्याला दहा वर्षं लागली, तेवढ्यात आमच्या मावशींच्या बोटांचं काय व्हायचं ते झालं. चौथ्या डब्याचं नाव मात्र वाचून हसू आलं. विशेष काळजी. बरणीनं ऐकलं असतं तर तिलाही आलं असतं.

नव्या नियमांवर आमच्या सोसायटीची सभा झाली. दोन तास. त्यातला दीड तास रंगांवर गेला. सॅनिटरीला कोणता, विशेषला कोणता, असलेले लाल डबे आता कशाला वापरायचे, नवे घ्यायचे तर कोणत्या फंडातून. पालिकेला विचारलं, उत्तर आलं की परिपत्रक येणार आहे. बँक मॅनेजरांनी सुचवलं की तोपर्यंत सध्याचंच चालू ठेवावं. ठराव एकमतानं पास झाला. मीही हात वर केला, लाज वाटते, पण केला. रात्रीचे साडेदहा झाले होते आणि गुडघे दुखत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या तेव्हा करवंटी ओट्यावरच होती. मी त्यांच्यापुढे धरली. "ही कशात टाकू?"

त्यांनी ती घेतली आणि गाडीच्या मागच्या दांडीला लटकवलेल्या छोट्या पिशवीत टाकली. पिशवीत आधीच दहा-बारा करवंट्या होत्या.

"हे कोण घेतं?"

"कोण घेणार," त्या म्हणाल्या, "चुलीला होतात," आणि गाडी सी विंगकडे वळवली.